पूल बांधणाऱ्या पलटणीचा इतिहास कसा वाचायचा : बॉम्बे सॅपर्सच्या निमित्ताने

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा. पणजोबा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या मुंबईकडच्या अभियंता पलटणीत होते, "लढाईत नदीवर पूल बांधायचे" एवढंच घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. तर पूल बांधणाऱ्या लष्करी तुकडीचा इतिहास नेमका काय असतो, तो कुठे शोधायचा आणि त्यांनी बांधलेले पूल आज कुठे पाहायला मिळतील?

शेवटच्या भागापासून सुरुवात करतो. ते पूल पाहायला मिळणार नाहीत. लष्करी पूल मुळात काढून पुढे न्यायचाच असतो. फौज पार झाली, मागून पक्का पूल उभा राहिला, की जुन्या पुलाचे भाग सुटे होतात, गाड्यांवर चढतात आणि पुढच्या नदीकडे निघतात. त्यामुळे या तुकड्यांच्या कामाच्या खुणा जमिनीवर फारशा उरत नाहीत. उरते ती युनिटची रोजनिशी, दोन-चार नकाशे आणि काम करायची पद्धत. माझी नोकरी याच कामात गेली, म्हणून हे कागद कसे वाचावेत तेवढं सांगू शकतो.

वाचायला घेताना बहुतेक जण पुलाची लांबी बघतात. हजार फुटी पूल म्हणजे मोठा पराक्रम आणि ऐंशी फुटी म्हणजे किरकोळ, असं वाटतं. प्रत्यक्षात सॅपर आधी काठ बघतो. गाड्या काठापर्यंत येऊ शकतील का, सामान उतरवायला जागा आहे का, माती वजन पेलेल का, पलीकडच्या काठावरून चढायला रस्ता आहे का. पाण्यावरचं काम ठरलेल्या कवायतीप्रमाणे होतं. ते अडतं आणि माणसं मरतात ती काठावर. पूल-कंपनीच्या इतिहासातली जवळजवळ प्रत्येक मोठी घटना काठाचा प्रश्न कसा सुटला किंवा का सुटला नाही, याची आहे. खालची उदाहरणं त्याच नजरेने निवडली आहेत.

गटाची जन्मकथा थोडक्यात. मुंबई इलाख्यात १७७७ मध्ये पायोनियर, म्हणजे फौजेसाठी वाट करणारे, उभे राहिले आणि १८२० मध्ये सॅपर्स अँड मायनर्सची कंपनी. आजचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप १८२० हेच आपलं स्थापनावर्ष मानतो. ठाणं खडकी. बंगालचा गट रुडकीला, मद्रासचा बंगळुरूला. १९०३ च्या फेररचनेत बंगाल पहिले, मद्रास दुसरे आणि मुंबई तिसरे सॅपर्स अँड मायनर्स झाले आणि कंपन्यांना सलग क्रमांक मिळाले. १७ ते २२ या क्रमांकांच्या कंपन्या मुंबईच्या. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्याकडच्या कागदावर किंवा पदकाच्या कडेवर कंपनीचा आकडा असेल तर पहिला धागा तिथेच मिळतो. नाव, सैनिक क्रमांक, गाव, तालुका आणि भरतीचं साधारण साल एवढं जमवून खडकीच्या अभिलेख कार्यालयाला लेखी अर्ज करा. नुसत्या नावावर शोध लागत नाही. एकेका गावात एकाच नावाचे तीन-तीन शिपाई असत. कंपनी कळली की त्या कंपनीच्या रोजनिश्या शोधायच्या. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव बहुधा नसेल, शिपायांची नावं तिथे क्वचितच येतात. पण त्या दिवशी ती कंपनी कुठल्या नदीवर होती, हे कळेल.

आता मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. पहिल्या महायुद्धात पूलबांधणीचं खरं विद्यापीठ तेच होतं. रस्ते नाहीत, रेल्वे नाही, तैग्रिस नदी हाच रस्ता. फौज नदीच्या एका काठाने सरकते, शत्रू कधी या तर कधी त्या काठावर. म्हणजे फौजेबरोबर पूलही वर सरकला पाहिजे. यासाठी ब्रिजिंग ट्रेन नावाची तुकडी असे. होड्या, नांगर, दोर, तुळया आणि फळ्या असा तिचा सगळा संसार पाण्यावरच चाले. सहावी डिव्हिजन, जिला पूना डिव्हिजन म्हणत, १९१५ च्या डिसेंबरात कुत-अल-अमारा इथे वेढ्यात सापडली. तिच्यासोबत ब्रिजिंग ट्रेन होती, बॉम्बेची १७ वी कंपनी होती आणि सिरमूर संस्थानची सॅपर कंपनीही होती.

तिथे ९ डिसेंबरला काय घडलं ते नीट बघण्यासारखं आहे. कुतपाशी होड्यांचा पूल टाकला होता. पलीकडच्या काठावर त्याचं रक्षण करणारी तुकडी तुर्कांनी मागे रेटली. पलीकडचा काठ गेला की पूल तुमचा राहत नाही, तो शत्रूसाठी तयार वाट होतो. रात्री तो उडवायचं ठरलं. रॉयल इंजिनिअर्सचे लेफ्टनंट मॅथ्यूज आणि सातव्या गुरखा रायफल्सचे लेफ्टनंट स्वीट स्वेच्छेने पुढे झाले, माणसं घेऊन पलीकडच्या टोकाला गेले, सुरुंग लावले आणि पूल तोडला. पूल बांधणाऱ्यांच्या इतिहासात पूल तोडण्याची नोंद बांधण्याइतकीच मानाची असते. तोडायचा कधी याचा निर्णय जास्त कठीण. तासभर लवकर तोडला तर आपली माणसं पलीकडे अडकतात, तासभर उशीर झाला तर शत्रू अलीकडे येतो.

२९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं. कैद झालेल्या हिंदी सैनिकांपैकी कित्येकांना रास-अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर जुंपलं गेलं. तुमच्या पणजोबांचा कागद १९१६ च्या एप्रिलपाशी तुटत असेल तर पुढचा शोध युद्धकैद्यांच्या याद्यांमध्ये घ्यावा लागेल.

पुढच्याच वर्षी, २३ फेब्रुवारी १९१७ ला, त्याच नदीवर शुमरानच्या वळणावर जनरल मॉडच्या फौजेने तैग्रिस ओलांडली. माझ्या मते पूलबांधणी शिकणाऱ्या प्रत्येकाने ही लढाई अभ्यासावी. तीन ठिकाणांहून होड्यांनी पायदळ पार करायचं होतं. खालच्या दोन ठिकाणी गुरख्यांच्या होड्यांवर इतका मारा झाला की ती ठिकाणं सोडून द्यावी लागली. वरच्या ठिकाणी नॉरफोक्स या ब्रिटिश पलटणीला पलीकडचा काठ धरता आला. तो धरल्यावरच पुलाच्या होड्या पाण्यात गेल्या. नदी फुगलेली, धार जोरात आणि अधूनमधून तोफगोळे. तरी सकाळी सुरू झालेला २९५ यार्डांचा पूल दुपारी साडेचारला वाहतुकीला खुला झाला. दोन आठवड्यांनी बगदाद पडलं. सगळे त्या २९५ आकड्याकडे बघतात. मी बघतो ते वळणाकडे. नदीने घेतलेल्या वळणामुळे पलीकडची जमीन जिभेसारखी पुढे आलेली होती, तिच्यावर तिन्ही बाजूंनी अलीकडून मारा करता येत होता. काठ निवडला तिथेच निम्मं काम झालं होतं.

एक अवांतर, पण महत्त्वाचं. त्याआधी, २८ ऑक्टोबर १९१४ ला, फ्रान्समध्ये नव्ह शापेल इथे बॉम्बेच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्यांना ४७ व्या शीख पलटणीबरोबर सरळ पायदळ म्हणून हल्ल्यात घातलं गेलं. त्या लढल्या शर्थीने, पण त्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी आणि असंख्य जवान पडले. एक कारागीर सॅपर तयार व्हायला काही वर्षं लागतात. सुतार, लोहार, गवंडी, नावाडी अशी माणसं एका सकाळीत खर्ची पडली. गरज पडली तर सॅपर संगीन घेऊन लढतो, ते त्याचं दुसरं काम आहेच. पण तो शेवटचा उपाय असावा, हे मी कळकळीने सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाने सगळं बदललं ते बेली पुलामुळे. डोनाल्ड बेली हे ब्रिटिश युद्धखात्यातले मुलकी अभियंते, इंग्लंडमधल्या क्राइस्टचर्चच्या पूल-संशोधन केंद्रात होते. त्यांची कल्पना साधी होती : एकाच मापाची पोलादी चौकट, म्हणजे पॅनेल. लांबी १० फूट, वजन सुमारे २६० किलो, सहा जणांनी दांड्यांवर उचलून नेता येईल असं. क्रेन नको. दोन पॅनेल टोकाला टोक भिडवून जोडायची, भोकांत पिन ठोकायची, आडव्या तुळया म्हणजे ट्रान्सम बसवायचे, वर रस्ता टाकायचा. जास्त वजन न्यायचं असेल तर शेजारी दुसरं पॅनेल, त्याहून जास्त असेल तर तिसरं, किंवा वर दुसरा मजला. म्हणूनच सॅपरच्या तोंडी "डबल-सिंगल", "ट्रिपल-डबल" अशी नावं असतात. पहिला शब्द शेजारी किती पॅनेल आहेत ते सांगतो, दुसरा किती मजले ते.

यातली पिन एकदा हातात घेऊन बघावी. तिच्या डोक्यावर एक आडवी खाच असते. पिनच्या दुसऱ्या टोकाला सुरक्षा-क्लिपचं भोक असतं आणि खाच त्या भोकाला समांतर कापलेली असते. पिन ठोकणाऱ्याला पलीकडचं टोक दिसत नाही. खाच कशी आहे ते बघून किंवा अंधारात बोटाने चाचपून त्याला कळतं की भोक योग्य दिशेला आहे आणि पलीकडचा जोडीदार क्लिप घालू शकेल. रात्री, दिव्याशिवाय, बोलायला बंदी असताना पूल बांधायचा आहे हे गृहीत धरून कोणी तरी एवढासा विचार केला. मला त्या सबंध पुलात ही खाच सगळ्यात आवडते.

पूल पलीकडे जातो कसा? अलीकडच्या काठावर रोलर बसवतात. पुलाच्या पुढे त्याच पॅनेलची हलकी सोंड जोडतात, तिला नोज म्हणतात, तिच्यावर रस्ता नसतो. सगळा सांगाडा रोलरवरून माणसांनी ढकलायचा. सोंड अधांतरी पुढे जाते, मागचा भाग जड असल्यामुळे तोल राहतो. सोंड वजनाने पुढे झुकते, म्हणून तिच्यात कोन देणाऱ्या कड्या घालून टोक आधीच वर उचललेलं असतं. ते पलीकडच्या रोलरवर टेकलं की कमांडरचा श्वास मोकळा होतो. मग सोंड सुटी करायची, पूल जॅकवर उतरवायचा, फळ्या टाकायच्या. आता लक्षात घ्या, या पद्धतीला अलीकडच्या काठावर सरळ रेषेत भरपूर लांब जागा लागते. काठाला भिडून रस्ता काटकोनात वळत असेल तर?

डिसेंबर १९४३ मध्ये इटलीत मोरो नदीवर नेमकं हेच झालं. आठव्या भारतीय डिव्हिजनच्या सॅपर्सना पूल टाकायचा होता आणि आपल्या बाजूला सांगाडा जोडायला जागाच नव्हती. त्यांनी सामान नदीपलीकडे, शत्रूच्या बाजूला नेलं आणि पूल तिकडून इकडे ढकलला. तो इतिहासात "अशक्य पूल" म्हणून नोंदला गेला. लांबीने तो कुठल्याच यादीत येणार नाही. पण पाठीशी शत्रू आणि तोंड स्वतःच्या काठाकडे अशा स्थितीत रात्री केलेलं ते काम माझ्या लेखी कुठल्याही हजार फुटी पुलाच्या बरोबरीचं आहे.

याच डिव्हिजनसमोर मे १९४४ मध्ये कॅसिनोजवळ गारी नदी आली. तिथे काठावर उभं राहूनच काम करणं मुश्कील, एवढा मारा होता. कॅनडाच्या सैन्यातल्या कॅप्टन टोनी किंग्समिल यांची युक्ती अशी की पूल मागे आडोशाला जोडायचा, पुढचं टोक बुरूज काढलेल्या रणगाड्यावर ठेवायचं आणि मागचं टोक दुसऱ्या रणगाड्याने ढकलायचं. पुढचा रणगाडा सरळ नदीत उतरला, पूल त्याच्या पाठीवरून सरकत पलीकडच्या काठाला लागला. १३ मे रोजी सकाळी "प्लिमथ" नावाच्या त्या पुलावरून रणगाडे पार होऊ लागले. रणगाड्यावरून टाकण्याच्या आजच्या पुलांमागचा विचार तिथे स्पष्ट दिसतो.

ब्रह्मदेशात पुन्हा वेगळं. चिंदविन नदीवर कलेवापाशी डिसेंबर १९४४ मध्ये सुमारे साडेअकराशे फुटांचा तरंगता बेली पूल टाकला, त्या काळचा जगातला सर्वांत लांब. त्याचे तुकडे चिंदविनच्या उघड्या काठावर जोडले नव्हते. मागे मिठा नावाच्या उपनदीत, शत्रूच्या नजरेआड जोडून ते प्रवाहाने खाली आणले आणि जागेवर एकमेकांना सांधले. तिथेही काठाचाच प्रश्न दुसऱ्या काठावर नेऊन सोडवला. या पुलाचं सामान दिमापूरहून इम्फाळमार्गे, डोंगरातल्या चिखलाच्या रस्त्यांवरून आलं होतं. त्या चालकांचा आणि रस्तेवाल्यांचा उल्लेख फार थोड्या ठिकाणी सापडतो, याची मला खंत आहे.

तुम्ही वाचायला बसाल तेव्हा बॉम्बे सॅपर्समध्ये पुलांपेक्षा सुरुंगांच्या कथा जास्त सापडतील. सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी १९४१ मध्ये सुदानमधल्या गलाबातपासून इथिओपियातल्या गोंदरकडे जाणाऱ्या वाटेवर चार दिवसांत ५५ मैलांतली १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडिया गावचे, यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर जखमी असतानाही सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीर चक्र मिळवणारे ते पहिले. सुरुंग काढणं आणि पूल टाकणं ही दोन खाती नाहीत. राणे ज्या रस्त्यावर लढले तिथे एकाच कंपनीला सकाळी सुरुंग, दुपारी पडलेली झाडं आणि संध्याकाळी तोडलेला मोरीपूल असं सगळं करावं लागतं.

स्वातंत्र्यानंतरचा भाग झरझर सांगतो. पंजाबच्या सीमेवर कालवे आणि खंदक आल्यामुळे अरुंद पण उभ्या काठाचे अडथळे हा मुख्य प्रश्न झाला. रणगाड्यावरून आणि ट्रकवरून टाकायचे पूल त्यासाठी आले. मोठ्या नद्यांसाठी सोव्हिएत पीएमपी आला. यात घडी घातलेला तराफा ट्रकवरून पाण्यात सोडला की आपोआप उघडतो. पुढे पुण्यात दिघीला असलेल्या संशोधन संस्थेने "सर्वत्र" हा पूल तयार केला. पाच ट्रक, प्रत्येकी १५ मीटरचा गाळा, मिळून ७५ मीटर. दहा मीटरच्या छोट्या पुलांची पहिली तुकडी जुलै २०२१ मध्ये सैन्यात दाखल झाली. ही अवजारं आली तरी बेली गेलेला नाही. डोंगरात आणि आपत्तीत अजून तोच धावतो.

मुंबईकरांनी तो जवळून पाहिला आहे. २९ सप्टेंबर २०१७ च्या एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीत २३ जण गेले, त्यानंतर लष्कराने एल्फिन्स्टन-परळ, करी रोड आणि आंबिवली इथे पादचारी पूल बांधले. २७ फेब्रुवारी २०१८ ला ते खुले झाले. तेव्हा "हे सैन्याचं काम आहे का?" असा वाद झाला होता. माझं मत स्पष्ट आहे : शहराचे रोजचे पूल महापालिकेने आणि रेल्वेनेच बांधावेत, सॅपरला अगदी निकडीला बोलवावं. पण बोलावल्यावर त्यांनी जे केलं ते सोपं नव्हतं. खाली धावत्या लोकल आणि डोक्याच्या उंचीवर विजेची तार. काम करायला रात्रीचे मोजके तास मिळायचे. तिथे नदीऐवजी वेळापत्रक आडवं होतं.

३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरड कोसळली, चूरलमला ते मुंडक्कई रस्ता तुटला. मद्रास इंजिनिअर ग्रुपच्या जवानांनी १९० फुटांचा, २४ वर्गाचा बेली पूल १ ऑगस्टच्या संध्याकाळी पुरा केला. त्या कामावर मेजर सीता शेळके होत्या, आपल्या पारनेर तालुक्यातल्या. छायाचित्रांत चिखल, ओंडके आणि मोठमोठे दगड दिसतात, ते नीट बघा. काठ म्हणावा असा काठच उरला नव्हता. आधी टेकायला जागा तयार करावी लागली, मग पूल.

"२४ वर्ग" म्हणजे काय तेही सांगून ठेवतो. पुलाच्या तोंडाशी एक आकडा लावलेला असतो, तो साधारणपणे किती टनांचं वाहन एका वेळी जाऊ शकेल ते दाखवतो. एका वेळी एकच, ठरलेल्या वेगाने, मधे न थांबता. जून २०२० मध्ये उत्तराखंडात मुनस्यारीजवळ मोठं खोदयंत्र लादलेला ट्रक चढला आणि बेली पूल खाली गेला. दोष पुलाचा नव्हता.

म्हणून रोजनिशी वाचताना पूल खुला झाल्याच्या दिवसावर थांबू नका. त्यानंतरच्या तारखांना "पुलाची देखभाल", "वाहतूक नियंत्रण" अशा कोरड्या ओळी येतात. त्या काळात एक छोटी तुकडी पुलाशीच राहत असते. पहिल्या काही गाड्या गेल्या की सगळ्या पिनांच्या क्लिप पुन्हा तपासायच्या, ट्रान्समचे क्लॅम्प आवळायचे, काठावरची टेकण किती खचली ते मोजायचं, रात्री पाणी चढतंय का बघायचं, आणि तोंडाशी उभं राहून वजनदार गाडीला परत पाठवायचं, मग तिच्यात कोणीही साहेब बसलेला असो. कंपनीतल्या बहुतेक माणसांची बहुतेक नोकरी अशीच जाते. पणजोबांच्या कंपनीची पानं मिळाली तर त्या ओळींच्या तारखा आणि नदीचं नाव उतरवून घ्या. नकाशावर ती जागा लावायला अडलं तर इथेच टाका, मी मदत करेन.